२३ किलोंचा हिशोब

परदेशी दीर्घ मुक्कामाला निघणाऱ्याने सामान किती न्यावे, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती व्यवस्थेचा आहे, आणि त्यावर लिहिणारे बहुधा त्याच अंगाने लिहितात. कपड्यांच्या घड्या न घालता त्यांच्या गुंडाळ्या कराव्यात, बुटांच्या पोकळीत मोजे भरावेत, जड कोट अंगावरच घालून विमानात बसावे, इत्यादी. हे सारे उपयुक्त आहे आणि त्यातले बरेचसे आम्हीही पाळतो. तथापि या युक्त्यांनी सामान कमी होत नाही. ते फक्त कमी जागेत बसते. मोकळ्या झालेल्या कोपऱ्याकडे घरातील कोणाचे तरी लक्ष असतेच, आणि निघण्याच्या आदल्या रात्री तिथे चकलीचा डबा येऊन बसतो.

मुळात गफलत आहे ती काळाच्या हिशोबात. आठ दिवसांना एक बॅग, तर सहा महिन्यांना किती, असे त्रैराशिक आपण मांडतो. कपड्यांना हे त्रैराशिक लागू पडत नाही. माणूस कुठेही गेला तरी आठवड्याने कपडे धुतोच. त्यामुळे सात दिवसांचे कपडे आणि सत्तर दिवसांचे कपडे यांच्या संख्येत वास्तविक काहीच फरक असू नये. फरक पडतो तो ऋतूचा आणि कापडाच्या जातीचा. जाड सुती कापड आणि जीनची विजार थंड, दमट हवेत घरात वाळत घातली तर दोन दोन दिवस ओली राहते. पातळ लोकरीचे किंवा मिश्र धाग्याचे कपडे रात्रीत सुकतात. एका जाडजूड स्वेटरपेक्षा एकावर एक घालता येतील असे तीन पातळ थर थंडीला अधिक चांगले आवरतात, आणि ऊन पडले की एकेक काढताही येतात. गोळ्या-औषधांचे तेवढे निराळे. ती मुक्कामभराची मोजून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीतच हवीत, आणि चिठ्ठीवर औषधाचे बाजारी नाव नव्हे तर मूळ नाव हवे. आपले पॅरासिटामॉलसुद्धा अमेरिकेत ॲसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते. एवढे सांगितले की व्यवहाराचा भाग संपतो. मग उरलेली बॅग कशाने भरते?

ती भरते भीतीने, असे एक उत्तर आहे. 'तिथे मिळाले नाही तर?' ही ती भीती. याची सर्वांत करमणूक करणारी हकिकत आम्हांला गांधीजींच्या आत्मकथेत आढळते. १८८८च्या सप्टेंबरात मुंबईहून विलायतेला निघालेल्या या तरुणाने बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे, किनाऱ्यावर पाऊल ठेवताना शोभतील म्हणून, खास राखून ठेवले. उतरला तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि पांढऱ्या कपड्यांतला तो एकटाच होता. बदलावे म्हटले तर पेट्या आणि किल्ल्या एजंटाच्या ताब्यात, आणि दुसरा दिवस रविवार. सामान भरपूर होते, पण हवे तेव्हा हाताशी नव्हते. याच गृहस्थांनी १९३१ साली गोलमेज परिषदेला जाताना 'राजपुताना' बोटीवर सोबत्यांनी बरोबर घेतलेल्या पेट्या पाहिल्या, ते संतापले, आणि जास्तीचे सामान एडनहून परत पाठवायला लावले. या दोन प्रवासांच्या मधल्या ४३ वर्षांत जे घडले त्याला बॅग भरण्याची कला म्हणता येणार नाही.

इथवर कमी सामानाचा कैवार घेणारे आमच्या बरोबर असतील. पुढे आमचे त्यांच्याशी थोडे बिनसते. १९३१च्या लंडनमध्ये गांधीजी ईस्ट एंडमधल्या किंग्जली हॉलमध्ये उतरले. तिथे म्यूरिएल लेस्टर यांच्यासारखी माणसे त्यांची व्यवस्था पाहत होती, आणि बरोबरचे सहकारी होतेच. याने त्यांच्या अपरिग्रहाला कमीपणा येतो असे आम्हांला सुचवायचे नाही. मात्र सुटसुटीत प्रवासाच्या पाठीमागे बहुधा कोणाचे तरी सज्ज घर उभे असते, ही गोष्ट अशा वर्णनांत हटकून गाळली जाते. वारीचे उदाहरणही असेच दिले जाते. खांद्याला पडशी, हाती टाळ आणि वीसएक दिवसांची वाट, हे चित्र कोणालाही मोहात पाडील. पण ज्यांनी दिंडी जवळून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की तंबू, वळकट्या, शिधा आणि भांडी यांनी भरलेला दिंडीचा ट्रक पुढच्या मुक्कामावर आधीच पोहोचलेला असतो. ओझे नाहीसे झालेले नसते, ते दुसऱ्या कोणीतरी उचललेले असते.

आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय १८, नवरा मागे राहिलेला, आणि पुढे तीन वर्षांचे वैद्यकीय शिक्षण. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटरबाईंचे घर त्यांच्यासाठी उघडे होते, हे त्यांचे भाग्य. परंतु वेष आणि आहार या दोन गोष्टी त्या घराला पुरवता येण्यासारख्या नव्हत्या. त्या त्यांनी स्वतः जपायच्या होत्या, आणि जपण्याचे वचन देऊनच त्या निघाल्या होत्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि पेनसिल्व्हेनियाची थंडी तिथेच झोंबते. म्हणून पुढे त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. हवामानापुढे काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही याचा इतका नेमका निर्णय आम्हांला प्रवासाच्या कोणत्याही मार्गदर्शिकेत सापडलेला नाही. साडी राहिली, नेसण बदलली. १८८६च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली. त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आतच त्या पुण्यात वारल्या, आणि त्या थंडीचा आणि आहाराच्या ओढाताणीचा त्यांच्या प्रकृतीवर काय परिणाम झाला असेल, हा विचार ते चरित्र वाचताना मनातून जात नाही. कोणती वस्तू 'अनावश्यक' हे दुरून ठरवू पाहणाऱ्यांनी तो जरूर करावा.

आज उच्चशिक्षणासाठी निघालेला मुलगा प्रेशर कुकर, पोळपाट-लाटणे आणि सहा महिन्यांचा मसाला घेऊन विमानतळावर उभा राहतो तेव्हा त्याला हसण्याची पद्धत आहे. डॉलरला ८० रुपयांहून अधिक मोजावे लागत असताना आणि शिक्षणासाठी कर्ज काढलेले असताना 'तिथे घेऊ' हा सल्ला त्याला कोण देतो? ज्याला तिथे घेणे परवडते तो. कमी सामानाचा जो गौरव इंग्रजी प्रवासलेखनात चालतो त्यातला बराचसा भाग, स्पष्टच सांगायचे तर, खिशातील कार्डाचा गौरव आहे. छत्री विसरली तर विकत घ्या, कोट लागला तर विकत घ्या. रत्नागिरीकडचा आखातात राबणारा माणूस सुतळीने करकचून बांधलेले आणि चारी बाजूंनी नाव लिहिलेले खोके घेऊन येतो. त्या खोक्यात त्याचे स्वतःचे असे फारच थोडे असते.

आम्हांला राग येतो तो चाकांचा. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थांना चाकांच्या सूटकेसचे पेटंट १९७२ साली मिळाले, आणि रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने १९८७मध्ये उभी धरून ओढता येणारी, लांब दांड्याची बॅग तयार केली. तोपर्यंत होल्डॉल आणि ट्रंक वाहणाऱ्याला, मग तो हमाल असो वा आपण, प्रत्येक जिन्यावर वजनाचा प्रत्यय येत असे. चाकांनी वजन कमी केले नाही, त्याचा प्रत्यय मात्र गुळगुळीत फरशी असेपर्यंत लांबणीवर टाकला. युरोपातल्या जुन्या गावांतले दगडी रस्ते आणि उद्वाहन नसलेली तीनमजली घरे ही उधारी एकदम वसूल करतात. त्यात मोठ्या बॅगेचे स्वतःचेच वजन चार-पाच किलो असते, म्हणजे आपल्याला मिळालेल्या २३ किलोंपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा आपण रिकामी पेटी वाहण्यावर खर्च करतो.

आता मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या आईवडिलांच्या बॅगांकडे येऊ, कारण मराठी घरांत हा विषय खऱ्या अर्थाने तिथेच पेटतो. एके काळी अमेरिकेच्या प्रवासाला माणशी ३२ किलोंच्या दोन बॅगा नेता येत. मग मर्यादा २३ किलोंवर आली, आणि काही स्वस्त तिकिटांवर आता एकच बॅग मोफत असते. म्हणजे दोघांच्या मिळून १२८ किलोंचे ९२ झाले, क्वचित ४६ही. मर्यादा आकसली तशी नातेवाइकांची यादी आकसली नाही. शेजारणीच्या भाचीचे मेतकूट, विहिणीने दिलेली पैठणी, नातवाचे चांदीचे वाळे, आणि 'वजन काहीच नाही हो' असे म्हणून दिलेला पाव किलोचा पुडा. काट्यावर बॅग २४ भरली की बाहेर काय निघते? आईचा स्वेटर, वडिलांचे चालायचे बूट. स्वतःच्या गरजेच्या वस्तू काढून दुसऱ्यांच्या ठेवल्या जातात, आणि हे इतके सहज होते की कोणाला त्यात गैर वाटत नाही.

यातल्या काही वस्तू तर धोक्याच्या आहेत. सुके खोबरे विमानवाहतुकीच्या नियमांत आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात मोडते. खसखस अफूच्या झाडाचे बी असल्याने संयुक्त अरब अमिरातीत तिला बंदी आहे, आणि दुबईच्या लेकीसाठी केलेल्या अनारशावर ती पसरलेली असते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये खाद्यपदार्थ जाहीर न करणे हाच गुन्हा धरला जातो. इंग्रजी अर्धवट समजणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसाला तिथे एका डब्यासाठी जबाब द्यावा लागतो. भारतातला मिक्सर अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर धड चालत नाही, हे त्यामानाने किरकोळ.

म्हणून मेतकूट नेऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. तिकडच्या भारतीय दुकानांत आता जवळपास सर्व मिळते, हा युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे. दुकानातले मेतकूट आणि आईच्या हातचे मेतकूट या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे ज्याला समजावून सांगावे लागते त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आमचा आग्रह एवढाच आहे की हिशोब उलटा मांडावा. आधी जाणाऱ्याचे सामान भरावे: औषधे, उबेचे कपडे, पायांना सवयीचे झालेले बूट, वाचायची दोन पुस्तके. ते आठ-दहा किलोंच्या वर जाण्याचे कारण नाही. मग काट्यावर उरलेले वजन घरात सर्वांना मोठ्याने सांगावे, आणि तेवढेच वाटून द्यावे. शेजारणीला नाही म्हणायचे काम मात्र आईवर टाकू नये. ते फोनवरून मुलाने करावे. तो दूर आहे, त्याच्यावरचा राग सहा महिन्यांत निवळतो.

परतीच्या वेळी हाच प्रकार बदाम, चॉकलेटे आणि शांपूच्या बाटल्या यांच्या रूपाने पुन्हा उभा राहतो. त्या बाटल्यांबद्दल मात्र आमच्यापाशी सहानुभूती नाही.