दुसरी प्रत दुसऱ्या घरी

फोनमधले फोटो हार्ड डिस्कवर टाकून फोन मोकळा केला, म्हणजे बॅकअप झाला असे नव्हे. प्रत एकच राहिली. डिस्क बंद पडली की लग्नाचे फोटो, हिशेबाच्या फायली, सगळे जाते. दुसरी प्रत हवीच, आणि तीही दुसऱ्या घरी. २२ जुलै २०२१ च्या पुरात आपल्या चिपळूणमध्ये घरेच्या घरे पाण्यात गेली. एकाच कपाटातल्या दोन प्रती कशा वाचणार?

षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके एकट्या मूडबिद्रीत उरल्या होत्या. नकला बाहेर आल्या, म्हणून १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड छापून निघाला. श्रुतपंचमीला आपण ग्रंथ झाडून-पुसून ठेवतो. त्याच दिवशी डिस्कवरच्या फायली उघडून पाहाव्यात आणि नवी प्रत लेकीकडे पाठवावी.