उंचीला हवे धैर्य नव्हे, दिवस

१५ एप्रिल १८७५ रोजी ‘झेनिथ’ हे बलून तीन फ्रेंच संशोधकांना घेऊन पॅरिसहून आकाशात गेले आणि काही तासांतच आठ हजार मीटरांवर पोहोचले. प्राणवायूच्या पिशव्या जवळ होत्या. परंतु नळी तोंडाशी नेण्याइतके बळ हातांत उरले नाही. सिवेल व क्रोसे-स्पिनेली मरण पावले. वाचलेल्या तिसांदिए यांनी नमूद केले की, त्या अवस्थेत यातना नव्हत्या. उलट आनंदच वाटत होता. पुढे १९७८ साली मेस्नर व हाबेलर त्याहूनही उंच अशा एव्हरेस्टवर प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून चढले आणि सुखरूप परतले. हा फरक धैर्याचा नव्हे, शरीराला मिळालेल्या अवधीचा होता.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण उंचावरही सुमारे २१ टक्केच असते. घटतो तो हवेचा दाब. साडेतीन हजार मीटरांवरील लेहमध्ये तो समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश, तर एव्हरेस्टवर एक तृतीयांश असतो. श्वास तत्काळ जलद होतो. परंतु रक्तातील आम्लतेचा तोल सावरण्यास मूत्रपिंडांना काही दिवस आणि तांबड्या पेशी वाढण्यास काही आठवडे लागतात. हा अवधी न दिल्यास फुफ्फुसांत पाणी साचू शकते, मेंदूला सूज येऊ शकते.

आज मुंबई-पुण्याहून विमानाने एका दिवसात लेह गाठता येते. नोकरदाराची रजा मोजकी. म्हणून सहलीच्या आखणीत पहिली कात्री विश्रांतीच्या दिवसांना लागते आणि दुसऱ्याच दिवशी पाच हजार मीटरांवरील खिंडीचा आग्रह धरला जातो. डोकेदुखी वा मळमळ सांगणारा भित्रा ठरतो. साहसाचे कौतुक अवश्य व्हावे; परंतु महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई अवघे १,६४६ मीटर आहे. गडकोटांवर कमावलेला दम या विकारापासून अभय देत नाही. धडधाकट तरुणही त्याला बळी पडतात.

म्हणूनच लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांतीचेच असावेत. तीन हजार मीटरांपुढे मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये. लक्षणे दिसताच चढाई थांबवावी. ती वाढल्यास विनाविलंब खाली उतरावे. विद्यार्थ्यांना नेणाऱ्या शिक्षकांनी हे नियम निघण्यापूर्वीच सर्वांना बंधनकारक करावेत. रजा अपुरी असेल, तर बेत बदलावा. वर गेल्यावर ठरवू, असे म्हणणे धोक्याचे आहे. कारण प्राणवायू उणा पडला की निर्णय घेणारी बुद्धीच भरवशाची राहत नाही.