लोहचुंबकाचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने लोहचुंबकावर लिहावे, हे आमच्या विज्ञान शाखेच्या मंडळींना कदाचित आगाऊपणाचे वाटेल. पण ज्या प्रश्नापायी घरातले पैसे पणाला लागतात, तो प्रश्न एकट्या विज्ञान शाखेचा राहात नाही. प्रश्न असा : चुंबकापासून ऊर्जा निर्माण करता येते काय?

गेल्या वर्षी आमच्या गावी एक गृहस्थ आले. मराठी अस्खलित बोलत आणि कन्नडही तितकेच गोड. जवळ एक बंद पेटी. 'आत चुंबक आहेत, ते चाक फिरवतात, चाक वीज देते. डिझेल नको की तार नको,' असे सांगून त्यांनी पंधरा मिनिटे दिवा लावून दाखविला. याच तत्त्वावरील पाण्याच्या पंपासाठी वीस हजार रुपये आगाऊ द्यावयाचे होते. रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेला आणि डिझेलच्या खर्चाला कंटाळलेल्या आमच्या आप्पांना ते पटले. खरे सांगायचे तर मलाही पटले. डिझेलचे किती वाचतील आणि पंपाची रक्कम किती हंगामांत फिटेल, याचा तक्ता मीच वहीत मांडून दिला. पैसे मात्र धाकट्या भावाच्या फीसाठी ठेवलेले होते.

पैसे देण्यापूर्वीच सुटी लागली आणि मी भोपाळला मामांकडे गेले. मामांची सारी नोकरी तेथील 'भेल'मध्ये झाली. १९५६ साली 'हेवी इलेक्ट्रिकल्स' या नावाने स्थापन झालेल्या कंपनीचा हा कारखाना १९६० साली पंडित नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केला आणि १९७४ साली ती कंपनी 'भेल'मध्ये विलीन झाली. जलविद्युत केंद्रांची टर्बाइन्स, जनित्रे, ट्रान्सफॉर्मर असा अवजड माल तेथे तयार होतो. चुंबक आणि तांब्याची वेटोळी यांच्या साहाय्याने वीज काढण्याची यंत्रे घडविणे हाच ज्या गावचा मोठा उद्योग, तेथे मी अनायासे जाऊन पोहोचले होते.

मी मोठ्या ऐटीत मामांपुढे वही ठेवली. ती पाहून मामा म्हणाले, "अगं, तुझं खातं एकतर्फी आहे. वाचलेला खर्च लिहिलास, पण माल आला कुठून ते लिहिलंच नाहीस."

मग त्यांनी अडगळीतली जुनी सायकल काढली, स्टँडवर उभी केली आणि तिचा डायनामो मागच्या चाकाला टेकवला. दिव्याची तार सोडवून मला हाताने पायडल फिरवायला सांगितले. पायडल हलके फिरत होते. मग त्यांनी तार जोडली. दिवा लागला, आणि त्याच क्षणी माझ्या हाताला ओझे जाणवू लागले. डायनामोतला चुंबक तोच होता, चाकही तेच होते. दिव्याचा उजेड माझ्या मनगटातून येत होता! मी थांबले, दिवा विझला. चुंबक मात्र जागच्या जागी शाबूत होता.

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखविले ते हेच. चुंबक आणि वेटोळे एकमेकांसापेक्ष हलते राहिले, तर तारेत वीज वाहते. हलविणारा मात्र कोणीतरी दुसरा लागतो. नर्मदेवरील इंदिरा सागर प्रकल्पात प्रत्येकी १२५ मेगावॅटचे आठ संच आहेत, एकूण १००० मेगावॅट. तेथील जनित्रांतही चुंबकच फिरतात, पण त्यांना फिरवते नर्मदेचे पाणी. पाणी बंद केले, तर ते अवाढव्य चुंबक एक दिवाही लावणार नाहीत.

आमच्या भाषेत सांगायचे तर चुंबक हा अडत्या आहे, शेतकरी नव्हे. माल त्याच्या हातून जातो, त्याच्यावाचून बाजार चालत नाही, पण धान्य तो पिकवीत नाही. 'मग नुसत्या चुंबकांनीच चाक का फिरू नये?' असे मी विचारले. मामांनी दोन चुंबक हातात दिले. जवळ आणताना ते आपणहून ओढले गेले, सोडवताना मात्र तेवढाच जोर लागला. एका हाताने दिलेले चुंबक दुसऱ्या हाताने वसूल करतो. फेरी पूर्ण झाली की शिल्लक शून्य, आणि घर्षणाची घट वेगळीच.

कोणी म्हणेल, अशा यंत्राला परदेशात पेटंट मिळाले आहे. मिळाले आहे खरे. १९७९ साली अमेरिकेत हॉवर्ड जॉन्सन यांना केवळ चुंबकांवर चालणाऱ्या मोटारीचे पेटंट मिळाले. पण पेटंट म्हणजे यंत्र चालत असल्याचा दाखला नव्हे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याने तर निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेला दावा हा शोधच मानलेला नाही.

आणि या मोहाला आपण अडाणीपणा म्हणू नये. ज्यांच्या जन्मगावावरून मराठी आणि कन्नड अभ्यासक आजही वाद घालतात, त्या भास्कराचार्यांनीही ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पारा भरलेल्या आऱ्यांच्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन केले आहे. एवढ्या मोठ्या गणितज्ञालाही ज्याची भुरळ पडली, त्याची रात्री दोन वाजता पाणी पाजायला उठणाऱ्या शेतकऱ्याला का पडू नये? दोष त्याच्या इच्छेचा नाही. त्या इच्छेवर आगाऊ रक्कम घेणाऱ्यांचा आहे. आणि माझ्यासारख्या शिकलेल्यांचाही आहे, ज्यांनी नफ्याचा तक्ता मांडला पण आवक कुठली हे विचारले नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

मी त्याच रात्री आप्पांना फोन केला. म्हटले, "आप्पा, त्यांना सांगा, पेटी उघडी ठेवून आपल्या विहिरीवर आठ दिवस पंप चालवून दाखवा, पैसे नवव्या दिवशी देऊ." आप्पांनी तसे सांगितले. गृहस्थ पुन्हा आले नाहीत. भावाची फी भरली गेली. पण आमच्या शेजारच्या दोघांनी आधीच रक्कम दिली होती. एकाच्या घरी मराठी बोलतात, एकाच्या घरी कन्नड. दोघेही अजून पंपाची वाट पाहात आहेत.

म्हणून माझी एक सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात आपण एक जुनी सायकल आणि एक डायनामो घेऊन खेड्यांत जावे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तार जोडावी, वाणिज्यच्या विद्यार्थ्याने जमाखर्च सांगावा, आणि पायडल गावकऱ्यांनी स्वतःच्या हाताने फिरवावे. कोणी त्याला लोहचुंबक म्हणो, कोणी अयस्कांत म्हणो, हाताला जाणवणारे ओझे दोन्ही भाषांत सारखेच आहे.