पोटॅशियम जातं कुठे?

रक्ताच्या रिपोर्टात पोटॅशियम ३.५ च्या खाली दिसलं की आपली पहिली धाव केळीवाल्याकडे, दुसरी शहाळ्याकडे. आमच्या शेजारच्या आजींकडेही केळ्यांचे घड येऊन पडले. आजींच्या पायांत गोळे येत होते, जिना चढवत नव्हता. खाण्यापिण्यात मात्र काही कमी नव्हतं. वरण-भात-भाजी पोटभर खाणाऱ्या माणसाचं पोटॅशियम नुसत्या आहारामुळे घसरणं तसं विरळाच. विचारायला हवं ते हे, की ते जातंय कुठून?

बहुतेकदा लघवीतून. रक्तदाबासाठी किंवा सूज उतरवायला दिलेली ‘लघवीची गोळी’ मीठ-पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर काढते. जुलाबात ते शौचावाटे जातं. रोज रेचक घेणाऱ्यांचंही तेच. उलट्यांचा प्रकार जरा अजब. उलटीत पोटॅशियम थोडंच असतं, पण पोटातलं आम्ल गेल्यामुळे रक्तात बायकार्बोनेट वाढतं आणि ते बाहेर टाकताना मूत्रपिंडं पोटॅशियम गमावून बसतात.

आजींच्या बाबतीत वेगळंच निघालं: ज्येष्ठमध. खोकल्यासाठी कित्येक महिने काडी चघळणं आणि वर काढा. कॉर्टिसॉल हे संप्रेरक एरवी मूत्रपिंडात निष्प्रभ होतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिऱ्हायझिन नेमकं तेच होऊ देत नाही. मग कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं: मीठ धरायचं, पोटॅशियम सोडायचं. रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. हे नवं नाही. १९४०च्या दशकातच रेव्हर्स या डच डॉक्टरांनी पोटाच्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क देताना रुग्णांच्या अंगावर सूज येताना पाहिली होती.

‘आणखी काही औषधं?’ असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आजींनी बीपीची गोळी सांगितली. ज्येष्ठमध औषधात कोण धरतं! ते नातीने सांगितलं. बीपीची गोळीही लघवीवाटे पोटॅशियम घालवणारीच होती, म्हणजे गळती दोन्हीकडून. काडी थांबली, गोळी बदलली. ज्येष्ठमधाचा परिणाम ओसरायला मात्र काही आठवडे लागू शकतात.

पोटॅशियम फारच खाली गेलं, तर हृदयाचे ठोके बिघडतात. तिथे घरगुती उपाय करत बसू नये. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मनाने केळी-शहाळ्यांचा मारा उलट घातक. डॉक्टरांनी आजींचं मॅग्नेशियमही तपासायला सांगितलं. ते कमी असेल, तर वरून कितीही पोटॅशियम द्या, मूत्रपिंडं ते धरूनच ठेवत नाहीत.