तेल टपकते कुठे आणि निघते कुठून?

परभणीत कोणत्याही जुन्या ट्रकच्या मालकाला विचारा, गाडी तेल खाते का? तो म्हणेल, "खात नाही साहेब, थोडे टपकते." हे 'थोडे' म्हणजे किती, हे मात्र तो सांगू शकत नाही. गिऱ्हाइकाशी मीटरमागे आठ आण्यांसाठी घासाघीस करणारे आपण लोक, पण गाडीखालच्या काळ्या डागाचा हिशेब वहीत कधी लिहीत नाही. साधारण 20 थेंबांचा एक मिलीलिटर धरा. चालत्या गाडीतून सेकंदाला एक थेंब गेला तर तासाला 180 मिली. जिंतूर, सेलू, पाथरी करून सहा तासांत गाडी परत येईपर्यंत लिटरभर तेल रस्त्यावर. आणि खरे नुकसान तेलाचे नाहीच. तेल कमी पडले, प्रेशर उतरले आणि ड्रायव्हरच्या ध्यानात आले नाही, तर बेअरिंग जाते, क्रँक खरडते आणि मग इंजिनच उतरवावे लागते.

कापडवाल्याने इंजिनावर का लिहावे, असे वाचक म्हणतील. माझे पाने हाती धरण्याचे वय नाही आणि ते हुन्नरही नाही. पण 407 माझी आहे आणि बिल मीच भरले आहे.

ही गाडी 1986 पासून बाजारात आहे. तिचे जुने इंजिन 497, म्हणजे चार सिलिंडर आणि 97 मिलिमीटरचा बोअर. मोठ्या ट्रकचे 697 म्हणजे त्याच मापाचे सहा. पंप साधा, वायरिंग थोडे, आपल्याकडच्या मिस्त्रींच्या हातात बसलेले. म्हणूनच छोटा व्यापारी ते सोडत नाही. माझ्या गाडीचे तेल मागून, इंजिन आणि गिअर बॉक्सच्या मधून गळू लागले. एका ठिकाणी सांगितले, मागचे ऑईल सील गेले. गिअर बॉक्स उतरला, सील बदलले, दोन दिवस गाडी उभी. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा गिअर बॉक्स उतरला, पुन्हा नवे सील. तिसऱ्यांदा गळले तेव्हा ईदचा माल गाडीत भरलेला होता आणि क्लच घसरत होता, कारण तेल प्लेटवर गेले होते.

मग एका म्हाताऱ्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी आधी पान्याला हातच लावला नाही. मला म्हणाले, "सेठ, तेल कहाँ टपकता वो मत देखो. कहाँ से निकलता और कायको निकलता, वो देखो." इंजिन सुरू करून त्यांनी तेल भरण्याच्या तोंडाचे झाकण उलटे करून नुसते वर ठेवले. झाकण नाचू लागले. म्हणजे आत दम भरला होता. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली उतरतो, हे प्रत्येक इंजिनात होते. तो बाहेर जाण्यासाठी ब्रीदर असतो. माझ्या गाडीच्या ब्रीदरची रबरी नळी तेलाने आतून फुगून पिचकली होती आणि उरलेल्या जागेत आपल्या काळ्या मातीची धूळ तेलात मळून बसली होती. वायूला वाट नाही, म्हणून तो सर्वांत कमजोर जागेतून तेल ढकलत होता. दोन्ही वेळची सीले चांगलीच होती. नळी बदलली, नंतर सील आणि क्लच प्लेट. त्यानंतर मागून थेंब नाही.

नळी बदलूनही झाकण तसेच नाचले असते, तर रिंगा आणि लायनर झिजले आहेत असा अर्थ झाला असता. तशा इंजिनाला सीलवर सील घालत बसणे म्हणजे फाटक्या गोणीला रफू करणे. इंजिन बांधायचे की गाडी विकायची, हे तेव्हाच ठरवलेले बरे.

उस्तादांची बाकीची पद्धतही साधी आहे. आधी इंजिन धुऊन कोरडे करायचे. मळलेल्या इंजिनावर गळती शोधणारा अंदाजाने पैसे मागतो. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी मारायची, इंजिन गरम होईपर्यंत चालवायचे आणि पहिली काळी रेघ कुठे उमटते ते पाहायचे. चालत्या गाडीत वारा तेलाला मागे नेतो आणि ते उतरते खाली. म्हणून सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा धरायची. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेले तेल खाली येऊन हुबेहूब मागच्या सीलचे सोंग घेते. तिथे नुसते पॅकिंग बदलून काम होत असेल, तर गिअर बॉक्स उतरवण्याची मजुरी वाया.

मी यात आपल्या धंद्याची भर घातली. रात्री गाडीखाली मांजरपाटाचा तुकडा अंथरतो. सकाळी डाग वाचता येतात. पुढे डाग असला तर टायमिंग कव्हर किंवा पुढचे सील, मधोमध असला तर चेंबरचे पॅकिंग किंवा नटाचा वॉशर. गिअर तेलाचा डाग जाड असतो आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. डिझेलचा डाग पातळ होऊन दूर पसरतो. डिझेलची गळती तेलाची समजून पॅकिंग बदलणारेही मी पाहिले आहेत. काडीवर तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर जास्त घाबरावे. डिझेल तेलात उतरत असेल तर तेलाचा दम जातो.

आता काही वाईट सवयी. गळती थांबावी म्हणून जाड तेल घालतात. त्याने गळती लपते, कारण जात नाही. काडीच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त तेल भरतात. ते आत घुसळून फेस होते आणि आणखी बाहेर येते. चेंबरचे बोल्ट जोर लावून आवळतात. पत्रा भोकांजवळ वाकतो आणि मधून फट पडते. अशा पत्र्याला आधी ठोकून सरळ करावे लागते. सिलिकॉन तर चटणीसारखे थापतात. त्याचा सुटलेला तुकडा आत गेला आणि तेल ओढणाऱ्या जाळीला चिकटला, तर गळती बंद होते आणि इंजिनही.

माझी तक्रार मात्र मिस्त्रीपेक्षा मालकावर जास्त आहे, आणि मी स्वतः त्यात आलो. उस्तादांनी दोष शोधला त्या दिवशी मी विचारले, किती झाले? नळीचे पैसे आणि चहा, असे ते म्हणाले. आधी दोन वेळा फुकट गेलेल्या कामाला मी मुकाट्याने पैसे मोजले होते. इथे दोष सापडला, तर "एवढेच तर काम होते" असे माझ्याच तोंडून निघाले. शरम वाटली. आपण सुट्या भागाला पैसे देतो, गिअर बॉक्स उतरवण्याला देतो, डोक्याला देत नाही. मग मिस्त्रीने तरी आधी शोधण्यात दोन तास का घालवावेत? बदललेल्या वस्तूवर त्याचे पोट आहे. कापड हाताला लागताच सूत ओळखणाऱ्या माणसाची किंमत आपण धंद्यात करतो. इथे का नाही?

मिस्त्री बंधूंनीही आपल्या बाजूने दोन गोष्टी कराव्यात. बिलात तपासणीची मजुरी वेगळी लिहावी आणि काढलेले सील मालकाच्या हातात द्यावे. त्याची कड फाटली आहे की शाबूत, हे मालकाला दिसू द्या. शाफ्टवर जुन्या सीलची खाच पडली असेल तर तीही दाखवा, कारण त्याच खाचेवर बसलेले नवे सील पुन्हा गळणार. आणि गॅरेजमधल्या पोरांना जॅकवर उभ्या गाडीखाली पाठवू नका. घोडी लावा. जळक्या तेलाने हात भरले तर डिझेलने नव्हे, साबणाने धुवायला लावा. त्या तेलाने कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. पोरगा दहावी झाला असेल तर आयटीआयमध्ये 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा ट्रेड आहे. उस्तादाचा कान आणि हातात प्रमाणपत्र, दोन्ही असले तर त्याला तपासणीची मजुरी मागताना लाजावे लागणार नाही.

माझ्या गाडीचा टायमिंग कव्हरचा कोपरा अजून ओलसर आहे. उस्ताद म्हणाले, उरुसाचा सीझन होऊ द्या, मग खोलू. तोवर रोज सकाळी काडी पाहण्याचे काम ड्रायव्हरकडून मी माझ्याकडे घेतले आहे.