पतितासाठी परतीची वाट



दुष्टाचा पराभव कसा करावा, हे सांगणाऱ्या कथा जगात पुष्कळ आहेत. पराभूत झालेल्या दुष्टाचे पुढे काय करावे, या प्रश्नापाशी मात्र त्यांतील बहुतेक कथा थांबतात. या वेळी एका अशा खेळाविषयी लिहावयाचे आहे, ज्यात नेमका हाच प्रश्न चार-सहा तरुण एका टेबलाभोवती बसून महिनोन् महिने सोडवीत असतात. शिक्षणासाठी बाहेरगावी किंवा परदेशी गेलेली आपली मुलेही हा खेळ खेळतात. सुट्टीत घरी आल्यावर ती त्याविषयी बोलू लागली की, ‘राक्षस, नरक, फासे, हे काय चालवले आहे?’ असा प्रश्न वडीलधाऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रथम त्या खेळाची ओळख करून घेऊ.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. या खेळात पैसे लावले जात नाहीत आणि शेवटी कोणी एक जिंकतही नाही. खेळणाऱ्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. तो कथेतील जग, नगरे, संकटे आणि खलपुरुष उभे करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते पात्र काय करील, काय बोलेल, हे स्वतः ठरवितात. जेथे यश अनिश्चित असते, तेथे वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लावला जातो. एकच कथा आठवड्यामागून आठवडे, प्रसंगी दोन-तीन वर्षेही चालते. आपल्याकडील संगीत नाटकाच्या सूत्रधाराला संहिता ठाऊक असे. येथील सूत्रधाराला मात्र पुढचा अंक आपले सवंगडी कोठे नेतील याची कल्पना नसते.

या खेळात प्रत्येक पात्राच्या वृत्तीची नोंद असते. १९७८ साली निघालेल्या खेळाडूंच्या नियमपुस्तकात त्यासाठी नऊ रकाने होते. एका बाजूस सज्जन, तटस्थ आणि दुर्जन; दुसऱ्या बाजूस नियम पाळणारा, मध्यममार्गी आणि स्वैर. खतावणीत प्रत्येक नावाचे पान ठरलेले असावे, तसे प्रत्येक पात्राचे घर ठरलेले. आता ज्याचे नाव एकदा दुर्जनाच्या घरात गेले, त्याला तेथून बाहेर पडता येते काय? या प्रश्नाला खेळाच्या नियमांनी वेळोवेळी जी उत्तरे दिली, ती पाहण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर कठोर होते. त्याच १९७८ च्या पुस्तकात ‘पॅलाडिन’ नावाचा धर्मनिष्ठ योद्धा आहे. त्याच्या हातून जाणूनबुजून शिस्तभंग घडला, तर त्याने अधिकारी धर्मगुरूपुढे कबुली द्यावी आणि सांगितलेले प्रायश्चित्त घ्यावे, असा नियम होता. परंतु त्याने समजून उमजून दुष्कृत्य केले, तर त्याचे ते पद तत्क्षणी आणि कायमचे जाई. पुढचे सारे आयुष्य तो साधा लढवय्या म्हणून काढणार. येथे चूक आणि पाप यांत भेद आहे. पापाला मात्र परतफेड नाही.

दुसरे उत्तर जादूचे होते. या खेळात एक शिरस्त्राण होते. ते डोक्यावर चढविताच माणसाची वृत्ती नेमकी उलटी होई. दुर्जनाच्या डोक्यावर ठेवले की तो सज्जन! पुढे २००३ साली निघालेल्या एका पुरवणी ग्रंथात अशीच एक विद्या आली. दुष्टाचा आत्मा हिऱ्यात कोंडावा, वर्षभर त्याला आपल्या कृत्यांचे चिंतन करावयास लावावे आणि वर्ष सरले की तो सज्जन होऊन बाहेर यावा, अशी ती योजना. अनेक खेळाडूंना ही विद्या खटकली, आणि ते योग्यच होते. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभाच नव्हती, त्याच्या ‘हो’ला काय किंमत? दडपणाखाली घेतलेली सही कोणत्याही पेढीवर ग्राह्य धरीत नाहीत.

तिसरे उत्तर अधिक विचारी आहे. या खेळात प्रायश्चित्ताचा एक विधी पूर्वीपासून होता. या शतकाच्या आरंभी निघालेल्या आवृत्तीत त्याच्या अटी स्पष्ट लिहिल्या होत्या. पश्चात्ताप खरा हवा. कृत्य नकळत किंवा बळजबरीने घडले असेल, तर विधी सोपा. ते जाणूनबुजून केले असेल, तर विधी करणाऱ्या धर्मगुरूलाही स्वतःच्या कमाईतून, म्हणजे खेळात मिळविलेल्या अनुभवगुणांतून ५०० गुण खर्ची घालावे लागत. ही शेवटची अट मला विशेष महत्त्वाची वाटते. पडलेल्याला उठविणारा हात कोरडा राहत नाही; जामीन राहणाऱ्याला स्वतःची काही पत पणाला लावावी लागते.

हे सर्व नियम एका कथेत कसोटीला लागतात. २०१९ च्या सप्टेंबरात या खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी ‘बाल्डर्स गेट: डिसेंट इंटू अव्हर्नस’ हा कथाग्रंथ निघाला. त्यातील खलनायिका झारियल. ती मुळात देवदूत. नरकातील सैतान आणि पाताळातील असुर यांच्यात चाललेल्या अखंड युद्धावर नजर ठेवण्याचे काम तिच्याकडे होते. पाहता पाहता तिचा धीर सुटला. स्वर्गाने आता हस्तक्षेप करावा, असा आग्रह तिने धरला; तो मान्य झाला नाही. तेव्हा एल्टुरेल नगरातील शूर स्वारांना जमवून ती स्वतःच नरकाच्या पहिल्या थरावर, अव्हर्नसवर, चालून गेली. ऐन वेळी काही स्वार कच खाऊन मागे फिरले आणि त्यांनी परतीचे द्वार बंद केले. पुढे गेलेले अडकले. झारियलचा पराभव झाला. त्या क्षणी नरकाचा अधिपती अस्मोडिअस याने तिला अव्हर्नसचे राज्य आणि त्याची सेना देऊ केली. असुरांशी लढण्याची तिची इच्छा त्यातून पुरी होणार होती. तिने ते स्वीकारले.

वाचकहो, हे पतन कसे झाले ते ध्यानात घ्यावे. लोभाने किंवा क्रूरतेने ती पडली नाही. चांगले कार्य लवकर व्हावे या अधीरतेने, आपल्यांनी सोडून दिल्याच्या संतापाने आणि ‘साधन कसेही असो, साध्य तर चांगले आहे’ या समजुतीने ती पडली. व्यवहारात बुडालेली कित्येक माणसेही अशीच बुडतात. आरंभी त्यांना कोणाला फसवावयाचे नसते. एक वायदा सांभाळण्यासाठी दुसरा, दुसरा सांभाळण्यासाठी तिसरा, असे होत जाते.

पुढचा भाग तर आपल्या वाचकांना सहज उमगेल, कारण हा नरक करारनाम्यांवर चालतो. एल्टुरेलवर संकट कोसळले असता थेव्हियस क्रीग नावाच्या धर्माधिकाऱ्याने झारियलशी गुप्त करार केला. नगरावर दुसरा सूर्य तळपू लागला आणि संकट टळले. परंतु मुदत पन्नास वर्षांची होती. मुदत भरताच सारे नगर नरकात ओढले जाणार होते. म्हणजे एका माणसाने सही केली आणि हजारो जण त्यांच्या नकळत गहाण पडले. त्या नरकातील चलनी नाणेही भयंकर आहे: प्रत्येक नाण्यात एकेक जीव कोंडलेला असतो आणि युद्धयंत्रांत इंधन म्हणून तीच नाणी जाळली जातात. माणसाची किंमत नाण्यात मोजू लागलो की शेवट कोठे होतो, याचे याहून स्पष्ट चित्र मी पाहिलेले नाही.

आता खेळणाऱ्यांपुढे प्रश्न येतो: नगर सोडवावयाचे आहे; मग झारियलला ठार करावे, तिच्याशी सौदा करावा, की तिला परत आणावे? तिसरी वाट ग्रंथाने मोकळी ठेवली आहे. पराभवाच्या वेळी तिची तलवार एका निष्ठावंत साथीदाराने वाचवून दडवून ठेवली होती. तिच्या पूर्वीच्या सौजन्याची एक ठिणगी त्या तलवारीत शिल्लक आहे. लुलू नावाचा, सोनेरी केसांचा, पंख असलेला इवलासा हत्ती पूर्वी तिचा सोबती होता. त्याची स्मृती हरवली आहे. ती जागी होत जाते तसा तलवारीचा माग लागतो. शेवटी खेळाडूंना ती तलवार तिच्यापुढे धरून तिचे मन वळवावे लागते. तिने तलवार हाती घेतली, तर ती पुन्हा देवदूत होते. ती नाकारूही शकते.

केवळ एका फाशाच्या दानावर हे सारे सोडले, तर कथा फिकी पडते. जाणते सूत्रधार त्यासाठी बरीच आधीपासून तयारी करतात, आणि ती तयारीच या खेळातील खरा बोध आहे.

पहिली गोष्ट म्हणजे पतनाचे कारण खेळाडूंना हळूहळू कळू द्यावे. कारण समजणे म्हणजे कृत्य माफ करणे नव्हे. पण कारण ठाऊक नसेल, तर मन वळविण्यास धरावयाचे टोकच सापडत नाही. दुसरी, त्या पात्रात एखादी न जळलेली जागा ठेवावी; कोणाविषयीचे ममत्व, एखादी पाळलेली मर्यादा. झारियलच्या बाबतीत ती जागा लुलू आहे. तिसरी, संधी एकदाच देऊ नये. पहिल्या भेटीत तिने हसून उडवावे, दुसऱ्या भेटीत रागवावे, तिसऱ्या भेटीत गप्प राहावे. मग चौथ्या भेटीतील होकार खरा वाटतो. चौथी, ज्यांचे नुकसान झाले त्यांनाही कथेत आवाज असावा. एल्टुरेलच्या ज्या घरात माणूस गेला, त्या घराने ‘आम्हांला तिचे तोंडही पाहावयाचे नाही’ असे म्हटले, तर तेही ऐकून घेतले पाहिजे. पाचवी, खेळ सुरू करण्यापूर्वी सर्वांनी बसून ठरवावे की अशी कथा आपल्याला हवी आहे काय. एकाला क्षमा करावीशी वाटते म्हणून ती दुसऱ्यावर लादू नये.

आणि सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तलवार हाती घेतल्याने कथा संपू नये. पंख पुन्हा शुभ्र झाले, तरी जळालेली घरे आपोआप उभी राहत नाहीत. नाण्यांत कोंडलेले जीव सोडवावयाचे आहेत, तिच्या मागोमाग पडलेल्या साथीदारांचा प्रश्न आहे, ज्यांचा विश्वास तुटला त्यांच्यापुढे उभे राहावयाचे आहे. चांगले सूत्रधार या कामासाठी पुढचे कित्येक आठवडे राखून ठेवतात.

व्यापारी घरांना हे वेगळे सांगावयास नको. एखाद्याचे दिवाळे निघाले आणि पुढे तो परत आला, तर जुन्या बाजारपेठेत दोन चुका टाळल्या जात. त्याचे पान फाडून टाकून ‘काही झालेच नाही’ असे म्हणणे ही एक. ज्यांचे पैसे अडकले त्यांच्यावर तो अन्याय होतो. आणि त्याला दारातच उभे न करणे ही दुसरी. मग फेडीची वाटच बंद होते आणि तो अधिक बिघडतो. शहाणे व्यापारी मुद्दल मान्य करून घेत, हप्ते बांधून देत, आरंभी रोखीने आणि मग थोड्या उधारीने माल देत. पत परत येई, पण सावकाश. आणि ती त्याने स्वतः मिळविलेली असे. कोणीतरी जुना सोबती मध्ये पडे, शब्द टाके आणि त्या शब्दाचा भार स्वतः वाही.

प्रत्येक मोठ्या कुटुंबात असा एखादा मनुष्य असतो, ज्याचे नाव काढताच बैठक गप्प होते. भागीदारी मोडून गेलेला भाऊ, पैसे उचलून परागंदा झालेला भाचा. त्याच्याविषयी आपण सहसा दोनच गोष्टी बोलतो: ‘तो गेला’ किंवा ‘जाऊ द्या, झाले ते झाले.’ या दोहोंच्या मधली जी लांब वाट आहे, तीत कारण समजून घेणे आहे, वारंवार दार उघडणे आहे, हिशेब मांडणे आहे आणि नुकसान सोसलेल्यांचे म्हणणे आधी ऐकणे आहे. या वाटेवर चालण्याचा सराव आपल्याला फारसा नसतो. कल्पनेच्या राज्यात का होईना, आपली मुले तो सराव करीत असतील, तर त्यांचा वेळ अगदीच वाया गेला असे म्हणता येणार नाही.

अर्थात या खेळात लढाया आहेत, मारामारी आहे; ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु शस्त्र उचलावे की शब्द, याची निवड प्रत्येक वेळी खेळणाऱ्याच्या हाती असते. म्हणून मुलाने ‘आम्ही वर्षभर एका खलनायिकेला परत आणण्याचा प्रयत्न करीत होतो’ असे सांगितले, तर हसून विषय बदलू नये. त्याला दोन प्रश्न विचारावेत: तिने ज्यांचे नुकसान केले, ते काय म्हणाले? आणि परत आल्यावर तिने काय केले? या प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी असतील, तर तो खेळ नीट खेळला आहे. नसतील, तर पुढच्या बैठकीला तो ती उत्तरे घेऊन बसेल. आणि कदाचित आपणही घरातील त्या न घेतल्या जाणाऱ्या नावाविषयी हेच दोन प्रश्न स्वतःला विचारू.