ब्लू लिक्सच्या उतारावर आधी कोण होते?

केंटकीच्या आरंभाची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. बायसनांचे कळप मिठासाठी रान तुडवत गेले, त्यांच्या खुरांखाली वाट पडली, नदीला उतार कुठे आहे हेही त्यांनीच दाखवले. मग डॅनियल बूनसारखे धाडसी लोक त्या वाटेने आले आणि निर्मनुष्य रानात गावे वसली. या गोष्टीत जनावरे आहेत, वीरही आहेत. तिथली माणसे मात्र नाहीत. म्हणूनच ती खोडून काढली पाहिजे.

तिच्यात खरे आहे तेवढे आधी मान्य करू. ओहायो नदीवरच्या लाइमस्टोनपासून, म्हणजे आजच्या मेझव्हिलपासून, लेक्सिंग्टनकडे जाणारी वाट बायसनांनीच रुळवली होती. वाटेत लोअर ब्लू लिक्सला खारे झरे होते आणि तिथेच लिकिंग नदी पायी ओलांडता येई. पुढे याच वाटेवर पक्का रस्ता झाला. जनावरांनी वाट अचूक निवडली होती, यात वाद नाही.

वाद ‘निर्मनुष्य’ या शब्दाशी आहे. आजच्या विंचेस्टरजवळ एस्किप्पाकिथिकी हे शॉनी लोकांचे गाव अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नांदत होते. जॉन फिनली हा व्यापारी 1752 मध्ये तिथे माल घेऊन गेला होता. सतरा वर्षांनी बूनला कंबरलँड खिंडीतून केंटकीत नेले ते याच फिनलीने. ज्याला शोधक म्हणून गौरवले जाते, त्याचा वाटाड्या शॉनींच्या बाजारात येऊन गेलेला माणूस होता!

यावर उत्तर ठरलेले असते: पुढे ते गाव उठले, उरले ते फक्त शिकारीचे रान. पण शिकारीच्या रानालाही धनी असतात, आणि हे वसाहतवाल्यांना पक्के ठाऊक होते. नाहीतर 1768 मध्ये फोर्ट स्टॅनविक्सला ओहायोच्या दक्षिणेकडील जमिनीसाठी इरोक्वॉय लोकांशी तह कशाला केला असता? 1775 मध्ये रिचर्ड हेंडरसनने चेरोकींना माल देऊन जमीन कशाला घेतली असती? ओसाड जमीन कोणी कोणाकडून विकत घेत नाही. त्या रानात शिकार करणाऱ्या शॉनींना मात्र स्टॅनविक्सचा तह मान्य नव्हता. व्हर्जिनियाने हेंडरसनचा व्यवहार रद्द केला. जमीन चेरोकींना परत दिली नाही.

मग त्या उतारावर खरे काय घडले? फेब्रुवारी 1778 मध्ये बूनच्या बून्सबरो या वस्तीचे जवळपास तीस लोक ब्लू लिक्सला खारे पाणी कढयांतून उकळून मीठ करत होते. मिठाशिवाय मांस टिकत नाही आणि मांसाशिवाय किल्ल्यातल्या वस्तीला हिवाळा काढता येत नाही. ब्लॅकफिश या शॉनी प्रमुखाने बूनला पकडले आणि मीठ करणाऱ्यांनाही कैद केले. पुढे लढाईही तिथेच झाली, 19 ऑगस्ट 1782 रोजी. ब्रायन्स स्टेशन या वसाहतवाल्यांच्या ठाण्याला दिलेल्या वेढ्यानंतर माघारी निघालेल्या शॉनी, वायंडॉट व इतर योद्ध्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश साथीदारांचा माग काढत केंटकीचे सुमारे 180 स्वार उताराशी पोचले. माग फारच ठळक आहे, पुढे दबा असणार, असा इशारा बूनने दिला. तो झुगारून स्वारांपैकी ह्यू मॅकगॅरीने घोडा पाण्यात घातला आणि बाकीचे त्याच्यामागे गेले. काही मिनिटांत सत्तरच्या आसपास माणसे पडली. त्यांत बूनचा मुलगा इझ्रायल होता. याचा बदला म्हणून नोव्हेंबरात वसाहतवाल्यांचा सेनानी जॉर्ज रॉजर्स क्लार्क याने हजारावर माणसे नेऊन ओहायोपलीकडची शॉनी गावे जाळली.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. वाट बायसनांची होती, पण तिचे भान तिथल्या माणसांचे होते. केंटकीतली वसाहत रिकाम्या जागेत उगवली नाही. दुसऱ्यांच्या वहिवाटीचा उतार, त्यांचे खारे झरे आणि त्यांची शिकार लढून, तहांच्या कागदांवर आणि गावे जाळून ताब्यात घेतली गेली. बूनचे धैर्य मी नाकारत नाही. मुलगा गमावलेल्या बापाचे दुःखही नाही. पण 1790 च्या जनगणनेत केंटकीतल्या दर सहा माणसांमागे सुमारे एक गुलाम होता. ‘धाडसी वसाहतवाले’ म्हणताना या गुलामांची आठवणही कोणी काढत नाही. 1800 च्या सुमारास बायसनही तिथून संपले होते.

केंटकीचा इतिहास शिकवणाऱ्यांनी पहिला धडा बून्सबरोपासून नव्हे, एस्किप्पाकिथिकीपासून सुरू करावा.